आमच्याकडे तर चालतंय

तसं पाहिलं तर झालं काहीच नव्हतं. नवीन बाईंच्या मशीनवर हमाल अडला, एवढंच. पण मुकादम सकाळी येऊन खुर्चीवर टेकतोय न टेकतोय तोच त्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुकादम म्हणतात ते तुम्हीच ना? तुमचा हमाल माझ्याकडे काम करत नाही." काम करत नाही! ना नमस्कार, ना चमत्कार. त्याला राग आला तो बाईंचा नव्हे, त्या वाक्याचा. सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "आमच्याकडे तर चालतंय." शेजारच्या टेस्टरने मान वर न करता री ओढली, "माझ्याकडेपण चालतंय." पलीकडच्या रांगेतून आणखी कुणीतरी तेच म्हणालं. बाईंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. त्या काही कोवळ्या नव्हत्या. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला लागलेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या, आणि आपल्याला कुणी हसेल ह्याची भीती ज्यांची केव्हाच संपली आहे अशा. "छान," त्या म्हणाल्या, "सगळ्यांकडे चालतंय. मग माझ्याकडेच का नाही, एवढं सांगा, म्हणजे मी जागेवर जाऊन बसते."

आता हा हमाल म्हणजे माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कंपनी लिफ्टचं सॉफ्टवेअर करायची, आणि लिफ्टचं सॉफ्टवेअर काही एका जागी नसतं. दारांचं एका टीमकडे, ब्रेकचं दुसरीकडे, वजन मोजायचं तिसरीकडे, मजल्याचे आकडे दाखवायचं आणखी कुणाकडे, आणि माणूस आत अडकला की जी दाबायची त्या घंटेचं तर दुसऱ्याच गावच्या ऑफिसात. प्रत्येकाचा सोर्स, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम, सर्व्हरवरच्या आपापल्या कप्प्यात; त्याला म्हणायचं रेपो. रोज सकाळी ह्या सगळ्यांच्या दारी जायचं, ज्याच्या त्याच्याकडून आजचा ताजा माल उचलायचा, आणून जिथल्या तिथे लावायचा आणि मग बिल्ड, म्हणजे सगळ्याची मिळून एक बांधणी, सुरू करून द्यायचा, हे ज्या टूलचं काम त्याला ऑफिसात हमाल म्हणत. टूल त्याने लिहिलेलं, म्हणून तो मुकादम. सुरुवातीला हमाल फार गरीब होता. एका दारी जायचा, माल मिळेपर्यंत तिथेच उभा राहायचा, मग पुढच्या दारी. लोक चहाला जाऊन यायचे, गप्पा मारून यायचे, तरी हा आपला वजनाच्या दारातच. आणि एखादा सर्व्हर झोपलेला असला की संपलंच. धरणं धरून बसायचा आणि अख्ख्या ऑफिसाचा दिवस पाण्यात. लोकांनी मुकादमाचं डोकं खाल्लं. शेवटी त्याने हमाल सुधारायला घेतला. एकाच वेळी सगळ्या दारांशी जायचं, आणि आणलेल्या मालाची एक प्रत ज्याच्या त्याच्या मशीनवर ठेवून द्यायची. त्या जागेला त्याने नाव दिलं कोठी. एखादं दार उघडलं नाही तर अडून बसायचं नाही. कोठीतलं काढून द्यायचं आणि चालू पडायचं. त्या दिवशी ऑफिसच्या मुख्य मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "आता आपला हमाल कधीच अडत नाही." हे वाक्य त्याला इतकं आवडलं की घरी जाऊन त्याने बायकोला जसंच्या तसं ऐकवलं. बायको भाजी चिरत होती. "बरं झालं," ती म्हणाली, "निदान ऑफिसात तरी तू कुणाचं काही अडवत नाहीस."

तर तो हमाल बाईंच्या मशीनवर अडला होता. मुकादम त्यांच्या मागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. 'घंटा: सापडत नाही.' बाकी सगळं आलेलं. त्याने पुन्हा चालवून पाहिला. पुन्हा तेच. मग चपला घालायला विसरलेल्या माणसासारखा (ऑफिसात तो बूट काढून बसायचा) मोज्यांवरच आपल्या जागी गेला, घंटेच्या ऑफिसला फोन लावला. तिकडचा माणूस काहीतरी खात होता. "घंटेचा रेपो? अहो, तो आम्ही हलवला की! कधीच हलवला. तुम्हाला सगळ्यांना मेल टाकला होता." "असं कसं होईल?" तो म्हणाला, "आमचा हमाल रोज घेऊन येतोय." तिकडचं चावणं थांबलं. "कुठून घेऊन येतोय? तिथे काहीच नाहीये." फोन ठेवून त्याने आपल्या स्वतःच्या मशीनवरची कोठी उघडून पाहिली. घंटेची प्रत होती, व्यवस्थित होती, जागच्या जागी होती, आणि गेल्या वर्षीची होती. टेस्टरच्या कोठीतही तीच. सगळ्यांच्या कोठीत तीच. हमाल रोज घंटेच्या दारी जात होता, दार बंद बघत होता, आणि घरी येऊन निमूटपणे कोठीतली जुनी घंटा काढून देत होता. नवीन बाईंची कोठी रिकामी, म्हणून एकट्या त्यांच्याकडे अडला. म्हणजे अख्ख्या ऑफिसात खरं बोलला तो फक्त त्यांच्याकडे.

त्याला घाम फुटला. कारण असं होऊ शकतं हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. हमाल जुनी प्रत देताना आधी एक पिवळी ओळ दाखवायचा, 'जुना माल दिला आहे.' सर्व्हर अधूनमधून झोपायचेच, मग पडद्यावर दर दोन दिवसांनी पिवळं. लोक कुरकुरायला लागले, हे पिवळं पिवळं काय लावलंय सारखं, जीव घाबरतो उगाच. आणि त्याने ती ओळ बंद करून टाकली. लोक खूश झाले. तोही खूश. आता घंटेवाल्याने जाता जाता आणखी एक सांगितलं होतं ते त्याच्या कानात वाजत राहिलं: मधल्या काळात त्यांनी घंटेतली एक चूक दुरुस्त केली होती. बटण दाबलं की आत दिवा लागायचा, पण बाहेर पहारेकऱ्याच्या चौकीत कधीकधी घंटा वाजायचीच नाही. आतल्या माणसाला वाटणार, ऐकलं कुणीतरी, येतील आता. आणि बाहेर कुणाच्या गावीही नसणार. नशीब एवढंच की ही लिफ्ट अजून कुठल्या इमारतीत बसलेली नव्हती. पुढच्या महिन्यात बसणार होती. नवीन बाई चहाचा कप घेऊन त्याच्या टेबलाशी आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, टोमणा मारला नाही, पण डोळे मोठे करून म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तुम्हाला कुणालाच पत्ता नाही?" "सगळ्यांकडे चालत होतं ना," तो म्हणाला. हे बोलताना त्याला कसंतरीच झालं. असलंच वाक्य त्याने नुकतंच आणखी कुठेतरी म्हटलं होतं, ऑफिसात नाही, घरी.

रविवारी म्हटलं होतं, जेवणाच्या टेबलाशी. मुलगी आणि जावई आले होते. लग्नानंतर लगेच दोघं नोकरीच्या गावी गेलेले, त्यामुळे जावयाने मुलीच्या आजोबांना, म्हणजे ह्याच्या वडिलांना, लग्नाच्या गर्दीत काय बघितलं असेल तेवढंच. ह्यावेळी येताना वाटेत दोघं मुद्दाम उतरून त्यांना भेटून आले. वडील तिकडे एकटे राहत. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ह्याने आणि ह्याच्या ताईने, दोघांनीही, आमच्याकडे या म्हणून बघितलं होतं, पण ते काही बधले नाहीत. जन्मभर एस्टी नव्हे, पण तसल्याच लांब पल्ल्याच्या गाड्या चालवलेल्या. "मी स्टिअरिंग सोडून मागच्या सीटवर बसणारा माणूस नाही," म्हणायचे. तर जावई जेवता जेवता, हा नवा माणूस, जपून बोलणारा, म्हणाला, "आजोबांनी मला तीनदा विचारलं, बसने आलात ना, कुठली सीट मिळाली म्हणून." सगळे हसले. ह्याने तर ठसका लागेपर्यंत हसून घेतलं. "अहो जावईबापू, त्यांच्या डोक्यातून बस जातच नाही! मला लहानपणी शाळेतून आलो की विचारायचे, कुठल्या बाकावर बसलास, खिडकीचा की मधला." जावईही हसला, पण थांबला नाही. भातात दही कालवत म्हणाला, "आणि ते म्हणत होते शेजारचे काका रात्रभर खोकतात. पण शेजारी तर कुलूप होतं. कोळ्याची जाळी धरली होती दाराला." मुलीने त्याला कोपराने ढोसलं, ते ह्याला दिसलं. बायकोने आमटीचं भांडं पुढे केलं. आणि हा काय म्हणाला? हा म्हणाला, "काही नाही हो, गंमत करतात ते. असेच आहेत पहिल्यापासून. आमच्याशी तर अगदी व्यवस्थित बोलतात." आमच्याशी तर. त्या क्षणी जावयाच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते त्याला आत्ता दिसलं. नवीन बाईंच्या चेहऱ्यावर सकाळी होतं तेच.

अगदी व्यवस्थित बोलतात. दर रविवारी संध्याकाळी तो फोन करायचा, आणि तो फोन त्याला इतका पाठ होता की बोलता बोलता तो वर्तमानपत्रातलं कोडं सोडवायचा. जेवलात का. जेवलो, तू? गुडघा काय म्हणतोय. आहे आपला सोबतीला. इथे दोघं हसायचे. हा विनोद वडिलांनी पहिल्यांदा केला तेव्हा तो खरोखर हसला होता, खो खो हसला होता. मग तो दर रविवारी थोडा थोडा हसत राहिला. शेजारचे काका? खोकतायत, रात्रभर झोपू देत नाही लेकाचा. पैसे वगैरे हवेत का. मला काय करायचेत. बरं, काळजी घ्या. तूही घे. की संपलं. ताई बुधवारी करायची, तिचाही असाच ठरलेला फोन असणार. मग भावंडं एकमेकांना सांगायची, बाबा मजेत आहेत. ठणठणीत आहेत. परवाच ताई म्हणाली होती, ह्या वयात असा आवाज कुणाचा असतो सांग. त्याने आता आठवून आठवून पाहिलं, वडिलांनी एखादी नवी गोष्ट सांगितली ती केव्हा? एखाद्याचं लग्न, नळाची तक्रार, दुकानदाराशी भांडण? पूर्वी भांडणं किती असायची! रिक्षावाल्याशी, पोस्टातल्या बाईशी, पाणी सोडणाऱ्याशी. प्रत्येक रविवारी एक ताजं भांडण, आणि शेवटी "मी त्याला असा सरळ केला" हे ठरलेलं. ती भांडणं कधी बंद झाली? त्याला सांगता येईना. आपले वडील वयाने निवळले असं तो ताईला म्हणाला होता, आणि त्याला ते बरंच वाटलं होतं. आता त्याला स्वतःचीच शरम वाटली. जावई, कालचा नवा माणूस, एक कुलूप बघतो आणि सांगतो, आणि आपण त्याला आमटी वाढतो.

दुपारभर मात्र त्याने काम केलं, कारण काम समोर होतं आणि हात काम मागत होते. नवीन बाई खुर्ची ओढून शेजारीच बसल्या. घंटेचा नवा पत्ता घातला, त्याला काही वेळ लागला नाही. खरा प्रश्न हमालाचा होता. "आता ह्याने काय करायचं, दार बंद दिसलं की?" बाईंनी विचारलं. "अडायचं," तो म्हणाला. "अहो, मग पुन्हा सगळे तुमच्या नावाने बोटं मोडतील. सर्व्हर झोपला की अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून?" त्या म्हणाल्या, "देऊ दे ना जुनं. जुनं दिलं म्हणून काही बिघडत नाही. पण हे जुनं आहे, केव्हाचं आहे, हे तोंडाने सांगायला नको का त्याने? आणि फार जुनं झालं असेल तर मात्र बसावं आडवं." त्याने तसंच लिहिलं. रोज प्रत्येक दारी आधी विचारायचं. मिळालं नाही तर शेवटी, सगळ्या गोंधळाच्या खाली, लोकांचा डोळा जाईल अशा जागी एकच ओळ: कुणाकडून मिळालं नाही, आणि दिलेलं केव्हाचं. पिवळी नव्हे, लाल. मग तपासायला म्हणून स्वतःची कोठी रिकामी करायची वेळ आली, आणि त्याचं बोट थबकलं. त्यात हरवण्यासारखं काही नव्हतं, सगळं पुन्हा आणता येणारं होतं, आणता येणार नाही असं त्यात काही नव्हतंच. तरी थबकलं. "काय झालं?" बाई म्हणाल्या. "काही नाही. सवय असते." त्याने बटण दाबलं. हमाल रिकाम्या कोठीतून निघाला, सगळ्या दारांशी एकदम गेला. घंटा आली, नव्या पत्त्यावरून, ताजी. आणि वजनाच्या टीमचं एक छोटं दार बंद निघालं, जे कुणालाच माहीत नव्हतं. "बघा," बाई म्हणाल्या, "आणखी एक." टेस्टरने पहिल्यांदाच मान वर केली.

पाच वाजले असतील. तो बूट घालून जिन्यात आला. ऑफिसातल्या लोकांना घरचे फोन करायला जिन्याशिवाय जागा नव्हती; मधल्या मजल्यावर खिडकी होती, खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी येऊ दे, येऊ दे म्हणत होता. वार मंगळवार. मंगळवारी त्याने वडिलांना कधी फोन केला नव्हता. नंबर लावताना वाटलं, उगाच आपण. जावयाचं काय, लोकांना काहीही दिसतं. काकांनी बाहेरून कुलूप लावून मागच्या दाराने जा-ये चालवली असेल. फोन बराच वेळ वाजला आणि मग वडिलांचा तो खणखणीत आवाज आला, ताई म्हणाली होती तसाच. "हां, बोल! जेवलो मी. तू?"

संध्याकाळचे पाच. त्याने अजून काही विचारलंच नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "आज काय केलंत सकाळपासून?" पलीकडे टीव्ही चालू होता, कुणीतरी बाई टीव्हीत रडत होती. "आज रविवार ना?" वडील म्हणाले. "नाही, मंगळवार. सहज केला." "असं असं. गुडघा काय, आहे आपला सोबतीला." आणि ते हसले, आणि थांबले, त्याच्या हसण्यासाठी थांबले. त्याला हसू आलं नाही. "गुडघ्याचं नाही विचारलं मी. सकाळी चहा कुणी केला, तुम्ही केलात? कामाच्या मावशी येतात ना अजून?" "येतात की. येतात... त्या काय, येतात." "बाबा, शेजारी कुलूप आहे का?" हे विचारलं आणि लगेच त्याला वाटलं, का विचारलं. टीव्हीचा आवाज बंद झाला. म्हणजे त्यांनी रिमोट शोधला, बंद केला, तेवढं जमलं. मग खूप वेळ नुसता श्वास. लहानपणी तो बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचा, वडिलांची मान आणि टोपीखालचे केस एवढंच दिसायचं, आणि घाटात ते असेच गप्प व्हायचे. त्याला कधी भीती वाटली नव्हती, कारण त्यांना रस्ता पाठ होता.

"अरे," वडील म्हणाले, आणि आता आवाज खणखणीत नव्हता, हळू होता, कुणी ऐकू नये असा. "असं अवघड नको ना विचारूस. नेहमीचं विचार. ते मला येतं."

त्याने खिडकीचा गज धरला. म्हणजे ह्यांना माहीत होतं. रविवारचा फोन ते तयारी करून घेत होते, कोण जाणे केव्हापासून. मुलगा काय विचारणार आणि आपण काय सांगायचं, घोकून ठेवत होते, आणि फोन ठेवल्यावर सुटलो म्हणून बसत होते त्या घरात, एकटे. आणि तो इकडे कोडं सोडवत होता. त्याला रडू आलं, सरळ रडू आलं, जिन्यातून वर जाणाऱ्या टेस्टरने बघितलं तरी ते थांबलं नाही. "हॅलो?" वडील घाबरून म्हणाले. "आहेस ना रे?"

"आहे, आहे," तो म्हणाला. नाक पुसलं. "जेवलात का?"

"जेवलो! तू?"

"जेवलो. गुडघा काय म्हणतोय?"

"आहे आपला सोबतीला."

तो हसला, जिथे हसायचं तिथेच हसला. "आणि शेजारचे काका?"

"खोकतायत. रात्रभर झोपू देत नाही लेकाचा." आवाज पुन्हा चढला होता, खूश झाला होता. "पैसे म्हणशील तर मला काय करायचेत. बघ. चालतंय की नाही सगळं?"

"चालतंय, बाबा," तो म्हणाला. "मी येतोय."

"ये की. रविवारी ये."

"नाही. आत्ता निघतोय." आणि तो फोन कानाला धरूनच जिना उतरू लागला, बॅग वर टेबलावर राहिली होती, राहू दे, तो मनाशी म्हणाला. पार्किंग ओलांडून रस्त्याला लागेपर्यंत फोनवर फक्त तो श्वास होता. बसस्टँडच्या वळणावर तो आला तेव्हा वडील अगदी सावकाश, शोधत शोधत म्हणाले, "आलास की दार वाजवत राहा. मी विसरेन, पण तू वाजवत राहा."